पुसून घेजो

प्रल्हादभाऊ लॅपटॉप घेऊन आले तेव्हा माय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्यांनी पिशवीतून तो काढला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं वरची धूळ झटकली आणि सुपाशेजारी अलगद ठेवला.

"काकू, शालूचं मशीन आलं बरं का. पन तुमचा देवा त्याच्यात काई टाकन, त्याच्या आंदी मले एक डाव पुसजा. माह्यं थोडं काम राह्यलं त्याच्यात."

माय म्हणाली, "पुसल्याबिगर हात नाई लावू देत मी."

शालू म्हणजे मी. मी त्या वेळी घरी नव्हते, वर्ध्याला टायपिंगच्या क्लासला गेले होते. पण हा प्रसंग मायनं पुढं इतक्यांदा सांगितला की मी तिथंच बसले होते असं आता मला वाटतं. 'थोडं काम' म्हणजे काय, ते प्रल्हादभाऊंनी सांगितलं नाही आणि मायनंही पुसलं नाही. दुसऱ्याच्या धंद्यातलं कशाला खोदून काढायचं, असा तिचा स्वभाव. ते काम म्हणजे आमच्या गल्लीतल्या यमुनाबाई कुंभाऱ्यांच्या सिंधूचं लग्न होतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रल्हादभाऊंनी काढलेले सगळे फोटो त्या लॅपटॉपात होते आणि दुसरीकडे कुठंच नव्हते. कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं झालेलं, नवा कॉम्प्युटर नागपूरहून यायचा होता. सिंधू आखाडाची माहेरी आली होती आणि परत जाताना तिला अल्बम न्यायचा होता. सासरचे दर खेपेला विचारायचे, फोटो कुठं आहेत, का लग्न नुसतं तोंडीच झालं? मस्करीतच विचारायचे, पण नव्या सुनेला मस्करी कुठवर पुरते?

माझा भाऊ देवानंद तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत होता. गावात देवा, तिकडं देव. तिकडच्या लोकांनी शेवटचा काना काढला आणि त्यानंही तो काढू दिला, असं मी त्याला चिडवायची. बोलणंही बदललं होतं. 'माय'ची 'आई' झाली होती, 'काऊन'चं 'का' झालं होतं, आणि फोनवर बोलताना 'मले' म्हणायच्या आधी तो किंचित थांबायचा, मग 'मला' म्हणायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मीही त्याच्याशी बोलताना 'मला, तुला' करायची आणि दर चौथ्या वाक्याला घसरायची. मी घसरले की तो हसायचा, पण वाईट हसायचा नाही. तो वाईट नव्हताच, हे आधीच सांगून ठेवते.

मला मराठी टायपिंगची कामं घरी घ्यायची होती. अर्ज, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका. प्रल्हादभाऊंचा जुना लॅपटॉप मिळाला होता, पण तो सुरू होईपर्यंत चहा होऊन कपबशा धुऊन व्हायच्या. देवा फोनवर म्हणाला, फेकू नको, मी येतो आणि त्याच्यावर लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकून देतो, पळायला लागेल.

तो आला तो खिशात दोन पेनड्राइव्ह घेऊनच. सकाळी अंघोळ करून, ओले केस तसेच ठेवून लॅपटॉपसमोर बसला. माय पलीकडे कणीक मळत होती. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते.

तो म्हणाला की लिनक्स म्हणजे काही एक वस्तू नाही. त्याचे कितीतरी प्रकार, आणि त्या प्रकारांच्याही दर काही महिन्यांनी नव्या आवृत्त्या निघतात. त्यानं आमच्यासाठी उबंटू निवडलं होतं, त्यातही जुन्या मशीनला झेपेल असं हलकं. प्रश्न फक्त आवृत्तीचा होता. ते बनवणारी माणसं म्हणे प्रत्येक आवृत्तीला एकेका जनावराचं नाव देतात. सगळ्यात नवी होती तिला माकडाचं नाव होतं, आणि त्याआधीची एक होती तिला हिमालयातल्या रानबोकडाचं.

"माकड आनलं का तू घरात?" माय म्हणाली.

देवा हसला आणि तिला समजावून सांगायला लागला. नव्यात नवीन सोयी असतात, पण तिची काळजी वरचे लोक काही महिनेच घेतात, मग ती वाऱ्यावर. जुनी आहे तिला वर्षानुवर्षं बघतात. बिघडलं तर दुरुस्ती येत राहते.

"मंग बोकड," माय म्हणाली. "आखाडात कोनी माकड आनते का?"

त्यावर आम्ही तिघंही इतके हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या सकाळी आमच्या घरात फार आनंद होता, आणि तोही मला सांगायलाच हवा. मायला पहिल्यांदाच पोराच्या कामात बोलता आलं होतं. एरवी तो कंपनीतलं सांगायचा आणि ती मान डोलवायची, आणि डोलवून झाली की जेवायचं काय करू एवढंच विचारायची.

मी आपली मराठी टायपिंगची काळजी करत होते. पेनड्राइव्हवरून दोन्ही आवृत्त्या आत न टाकताच चालवून बघता येतात म्हणाला. मग मी माकडावर टाइप करून पाहिलं, बोकडावर टाइप करून पाहिलं. माकडावर 'र्‍या' काही केल्या नीट उमटेना. कुंभाऱ्यांचं नावच लिहिता येईना. बोकडावर उमटलं. झालं, बोकड ठरलं.

मायला वाचता यावं म्हणून देवानं पडद्यावरची भाषा मराठी केली. पुढं सरकत सरकत एका ठिकाणी तो थांबला. तिथं दोन पर्याय होते. एक, आधीचं आहे ते तसंच ठेवून शेजारी नवीन बसवायचं. दुसरा, सगळं कोरं करून बसवायचं.

"प्रल्हादभाऊंचं ठेवायचं आहे का काही?" तो मला म्हणाला.

मला कुठं ठाऊक होतं. त्यांनी दिला तो दिला, एवढंच मला माहीत. मी खांदे उडवले. तेवढ्यात मायला आठवलं. तिनं पिठाचे हात तसेच धरून मान वळवली.

"अरे हो. आंदी प्रल्हादभाऊचं पुसून घेजो बरं, मंगच तुह्यं टाकजो."

"सगळं?"

"सगळंच पुसून घे न. मागून कटकट नाई पायजे."

देवानं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. आईला कळतं, असा त्याचा चेहरा होता, आणि त्यात कौतुकच होतं. माय उठून जवळ आली, पदरानं डोळे पुसून पडद्याकडं वाकली. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. 'डिस्क पुसून' असं काहीसं तिथं लिहिलं होतं, आणि पुढं उबंटूचं नाव.

"डिस्क... पु... सून," तिनं वाचलं, आणि तिचा चेहरा उजळला. "पाय, ते मशीनबी तेच म्हनते. पुसून घ्या म्हनते."

"हो आई, तेच म्हणतंय," देवा म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

दुपारी लॅपटॉप खरंच पळायला लागला. मी माझं नाव लिहिलं, मायचं लिहिलं, सिंधू कुंभारेही लिहिलं. मायनं देवाला पुरणाच्या पोळ्या करून घातल्या, सणवार काही नसताना.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादभाऊ आले. हातात एक काळी डबी होती, फोटो भरून न्यायची. माय त्यांना बघून आतूनच म्हणाली, "या, या. तुमचं पुसून घेतलं बरं देवानं कालच."

ते ओट्यावरच थांबले. "मले त नाई पुसलं कोनी, काकू."

"काऊन? सगळं पुसलं म्हने." मायनं आत वळून हाक दिली, "काऊन रे देवा, प्रल्हादभाऊचं पुसलं न तू?"

देवा दाढी करत होता. तोंडाला साबण तसाच घेऊन तो बाहेर आला आणि अगदी खुशीत म्हणाला, "हो, सगळं पुसलं. काहीच ठेवलं नाही."

प्रल्हादभाऊंना सगळ्यांच्या आधी कळलं. ते खाली बसले. त्यांनी ती डबी मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत म्हणाले, "सिंधूचं लगन होतं त्याच्यात."

मग मला कळलं. माय अजून एकाकडून दुसऱ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, पुसलं आहे, उत्तर मिळालं आहे, मग अडलं कुठं? मला तिला सांगावं लागलं. मी म्हणाले, माय, त्यानं इचारलं नाही, पुसून टाकलं. फडक्यानं पुसतो तसं.

आणि देवा मायवर ओरडला. परक्या माणसासमोर, गालावरचा साबण वाळत असताना.

"मग विचारून घे म्हणायचं ना! पुसून घे, पुसून घे काय? विचार म्हणता येत नाही का तुला?"

मी आजपर्यंत पुष्कळ लाजिरवाण्या जागी उभी राहिले आहे. बँकेत, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर, सासरी. पण त्या ओट्यावर वाटली तशी लाज मला पुन्हा वाटली नाही. कुणाची वाटली, हेही धड सांगता येत नाही. देवाची वाटली, त्याच्या शुद्ध बोलण्याला मी भुलले होते म्हणून स्वतःची वाटली. आणि मायला वाटत होती ती बघवत नव्हती.

ती इतकंच म्हणाली, "माह्यंच चुकलं. माह्या बोलन्यानं झालं."

प्रल्हादभाऊ हळू आवाजात म्हणाले, "काकू, तुमी बरोबरच म्हनलं. मी तुम्हाले तसंच सांगतलं होतं." पण ते ऐकायला ती थांबलीच नव्हती, आत गेली होती.

देवानं पुसलेलं परत काढायची खटपट दिवसभर केली. त्यासाठी कुठलंसं सॉफ्टवेअर असतं. तो जेवला नाही, पाणी प्यायला नाही. काही फोटो आले. पण वर मांडवाची झालर स्वच्छ दिसायची आणि खाली सगळा राखाडी पट्टा. एकात सिंधूचं कपाळ होतं आणि मुंडावळी, डोळ्यांपासून खाली काही नाही. तो एकेक फोटो उघडायचा, बंद करायचा. मला बघ म्हणायचा नाही, आणि मीही तिथून उठत नव्हते. प्रल्हादभाऊ त्याच्या शेजारी बसून होते. ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत, आणि त्यानं देवा आणखीच खचत होता.

संध्याकाळी मायनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि म्हणाली, मी यमुनाबाईकडं जाते. देवा म्हणाला, मी जातो, चूक माझी आहे. ती नको म्हणाली. शेवटी आम्ही तिघंही गेलो. माय पुढं, मी मधे आणि देवा सगळ्यात मागं, गल्लीत कुणी भेटू नये असं चालणारा.

यमुनाबाई ओसरीत वाती वळत होत्या. सिंधू न्हाऊन केस मोकळे सोडून बसली होती. मायनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. तिनं देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "माह्यी बोली गावठी. मी पोराले पुसून घे म्हनलं, अन् त्यानं पुसून टाकलं. त्याचा काई दोष नाई, यमुनाबाई. शिकलेल्या मानसाशी कसं बोलाव, ते मले समजत नाई."

यमुनाबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. फोटो गेले हे त्यांना कळलं होतं आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. पण त्याआधी त्यांना दुसरंच काही समजत नव्हतं.

"प्रल्हादभाऊचं पुसून घे म्हनल्यावर," त्या सावकाश म्हणाल्या, "मानूस प्रल्हादभाऊले जाऊन पुसन. दुसरं काय करन?"

सिंधूनं आमच्या मागं दाराशी उभ्या असलेल्या देवाकडं पाहिलं. लहानपणी तो तिला सायकलवर पुढं बसवून शाळेत न्यायचा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, राग मात्र नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला खरोखरच नवल वाटत होतं.

"मोठीमाय," तिनं मायला विचारलं, "देवादादाले समजलं नाई?"

यमुनाबाईंनी उठून आम्हाला पाणी दिलं आणि आम्ही ते उभ्यानंच प्यालो.

पुढं लोकांच्या मोबाइलमधले फोटो गोळा केले. देवा आणि प्रल्हादभाऊ दोघं दारोदार फिरले. कुणाचं बोट आलेलं, कुणी हललेलं, एकात नवरदेवाचा नुसता फेटा. त्यातून एक बारीकसा अल्बम झाला आणि सिंधू तो घेऊन सासरी गेली. तिथं तो बघून कोण काय म्हणालं, ते तिनं कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. माय देवाशी बोलताना 'पुस' म्हणेनाशी झाली. माझ्याशी बोलताना म्हणायची, शेजारी म्हणायची, गाईला चारा घालताना गाईलाही पुसायची, खातेस का म्हणून. पण देवा समोर आला की थांबायची, ओठ आवळायची आणि 'विचार' म्हणायची. आमच्याकडं सगळे 'इचार' म्हणतात, ती 'व' मुद्दाम जोर देऊन उच्चारायची, पोरं शाळेत शुद्धलेखन वाचतात तशी. तुझ्या मामाला विचारून घे. डॉक्टरला विचारलं का? अजूनही फोनवर तसंच बोलते. आज मी दिवसभर लोकांचं मराठी टाइप करते, हेसुद्धा पुस्तकी भाषेतच लिहिते आहे, पण तिच्या तोंडून तो 'व' ऐकला की मला खोलीतून उठून जावंसं वाटतं.

देवा पुण्याला निघाला त्या दिवशी आम्ही दोघी त्याला एसटीवर पोचवायला गेलो. मायनं चिवड्याची पिशवी बांधून दिली होती. तो ती एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. कसली क्षमा-बिमा मागायची आमच्याकडं रीत नाही, आणि ओरडलेलं परत घेता येत नाही हे त्याला कळत होतं. गाडी फाट्यावर दिसायला लागली. तेव्हा तो मायच्या अगदी जवळ आला. किती वर्षांनी त्यानं तो शब्द उच्चारला, कोण जाणे.

"माय," तो म्हणाला. "तुले... मला तुले एक पुसायचं होतं."

मायनं त्याच्याकडं बघितलं. तिला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तिनं त्याच्या कॉलरवर बसलेली धूळ बोटानं काढली.

"विचार न, बाबू," ती म्हणाली. "विचारच म्हन. ते तुह्या तोंडात आता नाई बसत."

गाडी आली. देवा चढला, खिडकीशी बसला आणि पिशवी मांडीवर घेतली. त्याला जे विचारायचं होतं ते त्यानं विचारलंच नाही.